आष्टीचं फुगलेलं अक्षर

जालना जिल्ह्यात जायचं ठरल्यावर मी बॅगेत काय काय भरलं ते आधी सांगते, म्हणजे माझ्या अकलेचा अंदाज येईल. दोन चार्जर, तीन प्रकारच्या गोळ्या, छत्री, कोकमाची बाटली, मालवणी खाजं आणि घरून आलेला सुक्या बांगड्यांचा डबा. छत्री कशासाठी, तर माहीत नाही. मार्च महिना चालू होता. बांगडे अशासाठी, की परक्या गावात उपाशी राहू नये असं वेंगुर्ल्याहून आई फोनवर रोज सांगते. लॅपटॉप मात्र टेबलावर विसरले आणि जिन्यावरून धावत परत आले. ज्या कामासाठी चालले होते ते सगळं त्या लॅपटॉपात होतं.

काम असं. मी पुण्यात मंजिरीताईंकडे काम करते. ताई मराठी अक्षरांचे फॉन्ट बनवतात. माझी शाळा आठवीनंतर सुटली. का सुटली ते प्रवासवर्णनात नको. कुडाळला फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटर शिकले, तिथून ताईंनी उचललं. ताईंच्या ऑफिसात सगळे मोठमोठ्या कॉलेजांतून आलेले. त्यामुळे मी अजूनही खुर्चीच्या कडेवर बसते. कुणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं.

आता थोडं अक्षरांबद्दल. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर लाजू नका, मलाही नव्हतं. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. आता कॉम्प्युटरवर टाइप करतात. या दोन्हींच्या मधे काही वर्षं अशी गेली की अक्षरं उजेडानं जुळवायचे. एक काळी फिल्मची पट्टी, तिच्यात अक्षरं तेवढी काचेसारखी आरपार. ती पट्टी यंत्रात सरकवून हवं ते अक्षर दिव्याखाली आणायचं, उजेड पाडायचा, की ते खालच्या ब्रोमाइड कागदावर बसलं. मग पुढचं अक्षर. ओळ पुरी झाली की तो कागद अंधाऱ्या खोलीत औषधात बुडवायचा, फोटो धुतात तसा धुवायचा, वाळवायचा आणि कापून चिकटवायचा. याला फोटोटाइपसेटिंग म्हणत. शिसं नको, ओतकाम नको. त्यामुळे हाताला कला असलेला कुणीही माणूस पोस्टरची, मथळ्याची नवी अक्षरं काढून आपली पट्टी करू शकत असे. गावोगावी अशी अक्षरं जन्मली. मग कॉम्प्युटर आले आणि पट्ट्या भंगारात गेल्या. ती अक्षरं कॉम्प्युटरात घालायची कुणाला आठवण झाली नाही. आता ताईंसारख्या माणसांना झाली आहे. जुने कागद शोधायचे, त्यांवरून अक्षर पुन्हा काढायचं, फॉन्ट करायचा.

ताईंना मराठवाड्यातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर आणि जयंतीच्या पोस्टरांवर एक अक्षर सापडलं होतं. गुबगुबीत, कोपरे लोण्यासारखे. आंघोळ घालून पावडर लावलेल्या बाळासारखं. गेल्या पावसाळ्यापासून मी तेच काढत होते. ते काढणारा माणूस ताईंनी छापखान्यांत विचारत विचारत शोधला: दिगंबर पेंटर, आष्टी, तालुका परतूर. फोनवर ते एवढंच म्हणाले, “या की. बघू.”

ताईंचा नियम आहे. अक्षर काढणारा हयात असेल तर त्याची परवानगी त्याच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि त्याचं नाव लावायचं. परवानगी नाही तर फॉन्ट नाही. ताई पुढच्या महिन्यात परदेशातल्या एका कार्यक्रमात हाच फॉन्ट दाखवणार होत्या. आणि त्यांच्या नावाच्या खाली पहिल्यांदाच माझंही नाव येणार होतं. म्हणजे आष्टीचे पेंटर नाही म्हणाले, तर माझा पावसाळा आणि हिवाळा एका फोल्डरात बंद. हे कळल्यावर मी मनातल्या मनात लगेच कुडाळच्या दुकानात जाऊन ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ टाइप करायला बसले.

जालना

बसमधून उतरले तेव्हा सकाळ होती आणि जिकडे तिकडे मोसंबी. हातगाडीवर मोसंबी, टोपलीत मोसंबी. मी एका बाईंकडून रस घेतला. आमच्याकडे अनोळखी मुलीला ‘बाय’ म्हणतात, इथे ‘माय’. कुणीही मला माय म्हणालं की एक क्षण मला वाटायचं, आपलं वय झालं.

“कुठून आली माय?”

“पुण्याहून. पण गाव वेंगुर्लं.”

“ते कुठं आलं?”

“समुद्राकाठी.”

“अन् तिकडचं एवढं पाणी सोडून इकडं काय पाह्यला आली? टँकर?”

मी म्हटलं, अक्षर बघायला आले. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि रसाचा ग्लास पुन्हा भरला. “घे. उन्हाचा त्रास होतो नव्या माणसाला,” म्हणाल्या. मी डोक्यावर हात लावून बघितला. गरम होतं खरं.

परतूर

जालन्याहून परतूरला रेल्वेनं. खिडकीतून शेतं बघत होते. आमच्याकडे माती तांबडी, आणि दर दोन पावलांवर काहीतरी हिरवं पायात येतं. इथे काळी जमीन आडवी पसरलेली, ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. जमिनीला भेगा. मला आधी भीती वाटली, की एवढ्या मोकळ्यावर माणसाला लपायला जागा कुठे? मग वाटलं, मला लपायचं का आहे?

परतूरला बाजाराजवळ काळी-पिवळी जीप मिळाली. चालकाच्या शेजारी एक माणूस, त्याच्या मांडीवर दुसरा, मागे आम्ही सगळे. जीप भरली, दारं लागली, ऊन तापलं, आणि माझ्या बॅगेतल्या बांगड्यांनी तोंड उघडलं.

“ताई,” चालकानं आरशातून विचारलं, “काय घेऊन चालल्या? काही मेलं का?”

“मासे आहेत,” मी म्हटलं. “सुके.”

“कवा मेले?”

“डिसेंबरात.”

सगळी जीप हसली. एक आजी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “मंग मार्चपर्यंत काहून घेऊन फिरून राह्यली? पुरून टाक की.” आष्टी येईपर्यंत माझ्या माशांवर चर्चा झाली. मी मधेमधे सॉरी म्हणत होते. उतरताना चालकानं बॅग लांब काठीनं काढल्यासारखी दोन बोटांत धरून दिली.

आष्टी, पहिला दिवस

चहाच्या टपरीवर विचारलं, दिगंबर पेंटरांचं घर कुठे?

“उन्हावर रागावलेले पेंटर?”

“म्हणजे?”

“अहो उन्हाळा लागला की सूर्याला शिव्या देतात ते. सरळ जा, पाण्याच्या टाकीपाशी. बोर्ड पाहात जा, सगळे त्यांचेच हायेत.”

मी बोर्ड बघत गेले. किराणा, कृषी सेवा केंद्र, मोबाइल दुरुस्ती. अक्षरं पातळ, सरळ, ब्लेडनं कापल्यासारखी. माझ्या गुबगुबीत बाळाचा कुठे मागमूस नाही. मला मनापासून वाईट वाटलं. म्हटलं, वयानं हात गेला बिचाऱ्यांचा. पुढे जेवण होईपर्यंत ही दया मला पुरली, आणि मग ती मलाच परत मिळाली.

घर दोन खोल्यांचं, समोर पत्र्याची पडवी, अंगणात कडुनिंब. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. दिगंबर पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, चष्मा दोरीला, खिशात कंगवा. हात गेलेल्या माणसासारखे अजिबात दिसत नव्हते. मी नमस्कार म्हटलं, मग जय भीम म्हटलं, मग दोन्ही पुन्हा म्हटलं.

“जय भीम, जय भीम,” ते म्हणाले. “बसा. एवढ्या घाबरून काहून राह्यल्या? मी काय मास्तर हाये?”

त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, आतून पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. नाक वर केलं. मी घाईनं डबा काढून दिला. काकूंनी झाकण उघडलं, लगेच लावलं. “हे चुलीवर बाहेर भाजू. घरात न्हाई.” कोकमाचं मात्र बोट बुडवून चाटलं, डोळे बारीक केले, आणि बाटली चिंचेच्या बरणीशेजारी ठेवली. तेवढ्यानं मला घरी आल्यासारखं वाटलं.

जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. आमच्याकडे तिखट नारळाच्या मागून येतं, आधी गोडीनं बोलतं. इथे नारळ नाही. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवलेलं पीठ. ते उकळलं की आमटी काळसर दाट होते आणि पहिल्या घासाला खरं काय ते सांगून टाकते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पेंटर म्हणाले, “समुद्र सोबतच आणला वाटतं.”

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. मी गाडीत भाषण पाठ केलं होतं: आदरणीय, वारसा, पुनरुज्जीवन असे शब्द असलेलं. त्यातलं ‘आदरणीय’ तेवढं आठवलं. मग मी गप्प बसून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

पेंटरांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“हे कशावरून काढलं?”

“लग्नपत्रिकांवरून. आणि जयंतीच्या पोस्टरांवरून.”

“कोणत्या महिन्यातल्या?”

“ते… बघितलं नाही.”

“मी सांगतो. एप्रिल, मे. बराबर?” त्यांनी चष्मा काढला. “हे माझं अक्षर न्हाई. हा माझ्या अक्षराला चढलेला ताप हाये.”

मग त्यांनी सांगितलं. परतूरला त्यांची एक खोली होती, वर पत्रे. औरंगाबादच्या छापखान्यानं काढून टाकलेलं फोटोटाइपसेटिंगचं यंत्र त्यांनी आणलं होतं. अक्षर स्वतः मोठ्या कार्डांवर शाईनं काढलं, त्याची फिल्म केली. कोपरे असे, की हात लावला तर कापेल. पण उन्हाळ्यात पत्रे तापायचे. त्यांखाली डेव्हलपर, म्हणजे कागद धुवायचं औषध, तापायचं. औषध गरम झालं की कागदावरचा काळा रंग हद्द सोडून पळतो. बर्फ घातला, ओली पोती बांधली, ट्रे माठाच्या पाण्यात ठेवला. तरी दर उन्हाळ्यात अक्षर फुगायचं.

“औरंगाबादचे छापखानेवाले हसायचे,” पेंटर म्हणाले. “म्हणायचे, पेंटर, तुमच्या अक्षराला गालगुंड झालं का? अन् तुम्ही तेच गालगुंड धुऊनपुसून आणलं. लई मेहनत केली पण. गालगुंडाचा एक गाल राहू दिला न्हाई.”

“लोकांना आवडायचं की,” काकू भांडी उचलता उचलता म्हणाल्या.

“लोकांना काय कळतं?”

“लोकांनी पाह्यलंच ते. हिवाळ्यात काय छापत होते तुम्ही? सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा. लगनं, जयंत्या, जत्रा सगळ्या उन्हाळ्यात. तुमचं पातळ अक्षर दिसलं की लोक घाबरायचे, म्हणायचे आली नोटीस.”

“तू गप बस.”

“मी गप बसल्यावर या घरात बोलंल कोण?”

पेंटर माझ्याकडे वळले. “हे पाहा ताई. ह्या अक्षराला माझं नाव? बिलकुल न्हाई. जल्मभर ज्याची लाज वाटली, ते तुम्ही माझ्या नावानं परदेशात दाखवणार?”

मी “ठीक आहे” म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग “थँक्यू” म्हटलं. नकार मिळाल्याबद्दल आभार मानणारी आष्टीत बहुधा मी पहिलीच. बाहेर कडुनिंबाखाली जाऊन ताईंना फोन केला. मला वाटलं ताई रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नाही म्हणाले तर नाही गं,” ताई म्हणाल्या. “त्यांचं अक्षर आहे. मी कार्यक्रमात दुसरं काहीतरी दाखवेन. तू जेवलीस का?”

जेवले म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडले. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीला खुर्ची देणाऱ्या बाईनं वर जेवलीस का विचारावं, याचा हिशेब मला लागत नाही.

परतूरच्या एका लॉजवर मी खोली सांगून ठेवली होती. तिथे जायला बॅग शोधू लागले तर बॅग नव्हती. काकूंनी ती कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती. “पोरीबाळीनं संध्याकाळचं जीपनं जायचं, ते लॉजवर? राह्य इथं.” आमच्याकडे पाहुण्याला राहा म्हणायचं, त्यानं नको म्हणायचं, असं दारापर्यंत चालतं. इथे तो भागच नाही. किल्ली लागली की पाहुणा राहिला.

संध्याकाळी काकू अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत होत्या. मी माझे बांगडे बाहेरच्या चुलीवर भाजत होते आणि शेजारची मांजरं एका रांगेत बसून मला पाठिंबा देत होती.

“तुला कोणतं आवडतं गं?” काकूंनी विचारलं.

“अक्षर? जाड.”

“का?”

काय सांगावं कळेना. ताईंनी शिकवलेले शब्द आठवले, पण ते काकूंसमोर बोलवेनात. “त्याला बघितलं की मला भीती वाटत नाही,” मी म्हटलं.

काकू हसल्या. सूप आपटलं.

“तुम्ही जायचा तिकडे, परतूरच्या खोलीत?”

“जायची म्हंजी? हे बाहेर यंत्रावर बसायचे, मी आत लाल दिव्यात. कागद धुवायचं सगळं माझ्याकडं. फुरसत होती का ह्यांना?”

मी मान हलवली आणि बांगडा उलटला. एवढं कानावर पडूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. बांगडा मात्र पेटला.

आष्टी, दुसरा दिवस

सकाळी पेंटरांनी मला हाक मारली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यातून फिल्मची पट्टी काढली, दोन्ही टोकं धरून खिडकीसमोर ताणली.

“पाह्य. नाही म्हणालो म्हणून रिकामी नको जाऊ.” कालच्या ‘ताई’वरून आज ते ‘तू’वर आले होते, इथे हे बढतीसारखं असतं, असं काकूंनी नंतर सांगितलं.

अक्षरांतून ऊन येत होतं. काळ्यावर लखलखीत, टोकं सुईसारखी, गाठी घट्ट. मला ते फार आवडलं, आणि आवडलं याचा मला राग आला. इतके महिने मी ज्याच्या गालांना पावडर लावत होते, त्याची हाडं ही अशी होती.

“फोटो काढू?”

“काढ. अन् करता येत असंल तर हे काढून दाखव. मंग मी नाव देतो का न्हाई पाह्य.”

म्हणजे दार थोडं उघडलं होतं. पण पातळ अक्षर ताईंना नको होतं, ते मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते एकटंच नको होतं. तरी पडवीत बसले. पूर्ण अक्षरमाला काढायला वेळ नव्हता, म्हणून ‘सोहळा’ एवढा एकच शब्द घेतला. नव्यानं काढण्याऐवजी माझं जाड अक्षर घेतलं आणि त्याची प्रत्येक रेघ आत ढकलत फिल्मवरच्या अक्षरावर बसवली. पेंटर मागे उभे. “आत घे. अजून. ‘ह’ची शेपटी अशी लोंबती का? गाईची हाये का?” मी सॉरी म्हणत घेतलं आत. अशा कामात कॉलेज लागत नाही, पण पाठीमागे उभा माणूस असला की जे येतं तेही जातं.

झालं. एकीकडे पातळ ‘सोहळा’, एकीकडे जाड. दोन्ही त्याच रेघांचे बनलेले असले की मधली सगळी रूपं कॉम्प्युटर स्वतः काढतो. स्क्रीनवर एक पट्टी येते, ती सरकवायची. हे पेंटरांना दाखवायचं माझ्या मनात नव्हतं. मी आपली बरोबर जमलंय का ते तपासत पट्टी सरकवली, आणि ‘सोहळा’ हळूहळू फुगला.

“थांब!” पेंटर म्हणाले. “हे काय केलं?”

“काही नाही. मधलं रूप आहे. पुसते.”

“पुसू नको. मागं घे.”

घेतलं. अक्षर बारीक झालं.

“पुढं.”

फुगलं. पेंटर खुर्ची ओढून बसले आणि पट्टी स्वतःच्या बोटानं सरकवू लागले. “हा जानेवारी. हा पाह्य, होळीच्या आधीचा. हा… हा गुढीपाडवा. इथं पत्रे तापायला लागले.” त्यांचा आवाज बदलला होता. आयुष्यभराचा शत्रू कुणी पिंजऱ्यात घालून समोर ठेवावा, तसे ते अक्षराला उन्हाळ्यात नेत होते, हिवाळ्यात आणत होते. “आता एप्रिल. आता…”

“तिथं,” काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला भाकरीचं पीठ.

“तिथं काय?” पेंटरांनी विचारलं.

“तिथं मी काढायची.”

“काय काढायची?”

“कागद. औषधातून. तिथवर फुगला की काढायची.”

पेंटरांनी चष्मा डोक्यावर सरकवला. “अगं, औषध गरम व्हायचं म्हणून फुगायचं ते.”

“औषध गरम व्हायचं, खरं हाये. गरम औषधात अक्षर जल्दी यायचं. मंग जल्दी काढायचं, एवढं मला कळत नव्हतं? उन्हाळ्यातसुद्धा तहसीलच्या नोटिसा आल्त्या की नाही? त्या पातळ कशा निघाल्या?”

पेंटरांनी पट्टी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली.

“लग्नाच्या पत्रिकेवर तुमचं अक्षर उपाशी दिसायचं,” काकू म्हणाल्या. “पोराचं लगन, गावाला जेवण, अन् अक्षर तेवढं उपाशी. मंग मी ठेवायची कागद थोडा जास्ती. जेवलं की काढायची.”

“म्हंजी मी इतकी वर्षं उन्हाला शिव्या घातल्या…”

“घाला की. ऊन कुठं ऐकतं? मला घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या का?”

मला हसू आलं. ते दाबायला गेले तर ठसका लागला, आणि ठसक्यानं कोपर लॅपटॉपला लागून ‘सोहळा’ मे महिन्याच्याही पुढे जाऊन नुसता काळा गोळा झाला. कुणी लक्ष दिलं नाही. पेंटर उठून बाहेर गेले. अंगणात, सावली सोडून, सरळ उन्हात जाऊन उभे राहिले. कुणाची तरी माफी मागायला जावं तसे. काकू दारातच होत्या. मनात म्हटलं, नुसती परवानगी मागायला आले होते, मी माणसांचा संसार मोडला. आता ताईंना काय सांगू?

पेंटर परत आले. कंगवा काढून केस सारखे केले.

“फोन काढ. ते रेकॉर्ड का काय ते कर.”

घाईत पहिल्यांदा टॉर्चच लागला. मग लागलं रेकॉर्डिंग.

“मी दिगंबर पेंटर, आष्टी,” ते फोनकडे न बघता, समोरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत म्हणाले. “पातळ अक्षर माझं. ते करा, माझं नाव लावा, परवानगी हाये. जाड अक्षराचं मला इचारू नका.” मग तसबिरीवरून नजर काढली. “ते ज्याचं हाये त्याला इचारा.”

आणि माझा हात फोनसकट काकूंकडे वळवला.

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. “काय बोलायचं असतं?”

“तुमचं नाव सांगायचं,” मी म्हटलं. “आणि अक्षराला परवानगी आहे असं म्हणायचं. म्हणजे, असेल तर.”

काकू फोनकडे आल्याच नाहीत. लॅपटॉपसमोर वाकल्या. मी घाईनं काळा गोळा पुसून माझा जाड ‘सोहळा’ परत आणला.

“हा ‘ळ’चा डोळा एवढा उघडा काहून?”

“वाचायला सोपं जावं म्हणून. पुण्यात तसं ठरलं.”

“लग्नघरात असं टकटक पाह्यतं का कोणी? मिटव थोडा. अन् पोट भर त्याचं.”

मी फोन खाली ठेवला, लॅपटॉप मांडीवर घेतला. ‘ळ’ची आतली रेघ ओढली.

“अजून.”

ओढली.

“पुरे की,” मागून पेंटर म्हणाले. “फुटंल ते.”

“तुम्ही तुमचं पातळ पाहा. पोरी, थोडं अजून.”

मी पुन्हा ओढली. दोन्ही डोळे आता फटीएवढे राहिले होते. मला शिकवलेल्या सगळ्या नियमांनी ते चूक होतं, आणि माझ्या हातून इतक्या महिन्यांत तो ‘ळ’ एवढा समाधानी कधी दिसला नव्हता. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. चूल मागे धुमसत होती.

“बास,” काकू म्हणाल्या. “आता लाव माझं नाव.”